तू माझी मामेबहीण नव्हतीस

जयू,

मधे बोलू नकोस. आधी माझं सगळं सांगून होऊ दे. तू म्हणशील, "ताई, मला कधी कुणी बोलू दिलं होतं?" खरं आहे तुझं. चौदा वर्षांत तुझ्या वाटचं निम्मं बोलणं मीच बोलून टाकलं. पण आज तुझ्याशीच बोलायचंय आणि रडू फुटायच्या आत बोलायचंय, म्हणून जरा घाईत आहे.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. पिंपळगावला मामाच्या घरी सकाळी मामी तुला शाळेसाठी उठवायला आली आणि तू उठली नाहीस. झोपेत फिट आली असणार, असं डॉक्टर म्हणाले. मी तेव्हा दिंडोरीला माझ्या सासरी होते. बागेत द्राक्षांची तोडणी चालू होती आणि मी मजुरांच्या चहाचं पातेलं ढवळत होते. तासाभराच्या वाटेवर तू गेलीस आणि तुझी सख्खी बहीण चहात साखर घालत होती.

सख्खी. हा शब्द तुझ्या नावापुढे लिहायला मला दोन वर्षं लागली.

तू सात वर्षांची होतीस तेव्हा पहिली फिट आली. मखमलाबादला, आपल्या मळ्यात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. शेडमध्ये झेंडूचा गुडघाभर ढीग होता. अण्णा टेम्पोवाल्याशी भांडत होते, आई क्रेट भरत होती आणि मी तुझ्यावर ओरडत होते, कारण तू काम सोडून फुलबाजारातल्या त्या जाड आवाजाच्या बाईची नक्कल करत बसली होतीस. "ओ वयनी, शंभरला पाच हार, घ्यायचे तर घ्या, न्हाईतर फुडं चला!" सगळे हसले. मग तू ढिगात आडवी झालीस आणि हातपाय झाडायला लागलीस, तरी आम्ही आणखी थोडं हसलो. तुझी ख्यातीच तशी होती. नाटक करतेय, असंच वाटलं.

मग कुणीतरी चप्पल नाकाला लावली, कुणी कांदा फोडून आणला, आईने दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला. शुद्धीवर आल्यावर तू पहिलं काय बोललीस, आठवतं? "मला कांद्याचा वास येतोय. भजी केलीत का?"

पुढचं वर्षभर दोरे, अंगारे, कुणाचा उतारा, कुणाचं पाणी. शेवटी कॉलेजमधल्या माझ्या एका मॅडमनी नाशिकमधल्या डॉक्टरांचं नाव दिलं, म्हणून तुला तिकडे नेलं. किडकिडीत, चष्मेवाले, सावकाश बोलणारे. आपल्याला त्यांचं नवल वाटलं ते एवढ्याचसाठी की ते आईशी न बोलता तुझ्याशी बोलले. हा मेंदूचा आजार आहे, बाहेरचं काही नाही, गोळ्या नेमाने घ्यायच्या. फिट आली की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल नाही, कांदा नाही, फक्त घड्याळ बघायचं. तू मान डोलवत ऐकलंस आणि म्हणालीस, "कांदा नको, पण कांदाभजी चालतील?" डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले होते.

अशी होतीस तू. हे मी मुद्दाम लिहितेय. पुढचं सांगताना तू मुळात अशी होतीस, हे मलाच विसरायला होतं.

शाळेत कवायतीच्या तासाला फिट आली, त्यानंतर पोरी तुझ्याजवळ डबा खायला बसेनात. बाईंनी तुला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं, म्हणे पडलीस तर इतरांना लागू नये. घरी येऊन तू त्या बाईंची हुबेहूब नक्कल करून दाखवलीस. आम्ही पोट धरून हसलो. तूही हसलीस. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या पोरीला त्या बाकाचं काय वाटत असेल, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. पोर हसतेय ना, मग झालं.

आता मुद्द्याचं सांगते. ते तुला माहीत नाही.

सिंहस्थाच्या आदल्या वर्षी, माघात, मामा माझं स्थळ घेऊन आला. दिंडोरीचे बागायतदार, मुलगा शेतकी पदवीधर, निर्व्यसनी. मामाची पिंपळगावच्या बाजारात त्यांच्याशी ओळख. आई भाकरी थापत होती, अण्णा भिंतीला टेकून बसले होते. मामा हळूच म्हणाला, "पाहुणे लय चांगले हायेत, अण्णा. फक्त जयूचं कळायला नको. एका बहिणीला फिट म्हणल्यावर दुसरीकडंही त्याच नजरेनं बघत्यात लोक." मग घसा खाकरून म्हणाला, "मी नेतो तिला माझ्याकडं. आम्हाला तरी कुठं लेकरू हाय! कुणी इचारलंच तर सांगायचं, माझी हाय म्हणून. बाजारातली वळख, घरातलं कोण खोदून इचारतंय?"

आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि मान वर केली नाही. अण्णा म्हणाले, "पोर हाय ती. वस्तू हाय का उचलून ठेवायला?" आणि मग तिघांनीही माझ्याकडे बघितलं.

तू बाहेर ओट्यावर गजरे ओवत होतीस. तुला आजवर वाटत आलं की हे मामाने ठरवलं. आईलाही तसंच म्हणायची सवय लागली, मामाच्या डोक्यातनं निघालं म्हणून. नाही जयू. मामाने विचारलं होतं. ठरवलं मी. मी म्हणाले, "लग्न होईपर्यंतच ना? मग जाऊ दे की." एवढंच. ते स्थळ मला हवं होतं. मी एकवीस वर्षांची होते, दोन स्थळं तुझ्या आजाराचं कानावर गेल्यावर परत गेली होती आणि तिसरं जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती. अण्णा एकटे तुझ्या बाजूने होते. मी बोलल्यावर तेही गप्प झाले.

तुला सांगितलं तेव्हा तू सगळ्यांकडे एकेकदा बघितलंस. म्हणालीस, "कांद्याच्या गावाला पाठवताय का? सोय चांगलीये. फिट आली की दारातच कांदा." आम्ही हसलो, सुटल्यासारखे हसलो. जाताना तू दप्तरात फुलं ओवायची सुई आणि दोऱ्याचं रीळ टाकलंस. मी म्हणाले, तिकडे कुठे आलीत फुलं, तिकडे द्राक्षं आणि कांदे. तू म्हणालीस, "असू दे. परत यायचंच आहे ना."

लग्नाचं बोलायचं मी टाळत आलेय. पण टाळून कुठे जाणार?

तुला पाच वर्षांची असल्यापासून माझी करवली व्हायचं होतं. पाण्याचा तांब्या घेऊन, त्यावर नारळ ठेवून, माझ्यामागे घरभर चालायचीस. मी वैतागायचे, "माझं लग्न दहा वर्षांनी आहे गं!" तू म्हणायचीस, "म्हणूनच सराव करतेय, ऐनवेळी नारळ पडायला नको." आणि लग्नात करा घेऊन माझ्यामागे कोण उभं राहिलं? चुलत्यांची संगीता. तिच्या हातून दोनदा नारळ घसरला. तू मामीशेजारी, पाहुण्यांच्या बाजूच्या खुर्चीवर, हिरव्या परकर-पोलक्यात बसली होतीस. माझ्या मुंडावळ्या मात्र तू ओवल्या होत्यास. आदल्या दिवशी पिंपळगावहून येताना हट्टाने फुलबाजारात उतरून फुलं घेतलीस, असं मामाने सांगितलं. त्या मुंडावळ्या मी कपाळाला बांधल्या. कुणी केल्या, असं नणंदेने विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मामाच्या मुलीने."

फोटोवाला ओरडला, "नवरीची भावंडं या, सख्खी, चुलत, सगळी!" तू खुर्चीतून उठलीस. एक पाऊल टाकलंस. मग माझ्याकडे बघितलंस. मी नजर दुसरीकडे वळवली आणि तू खाली बसलीस. सगळी या, असं तो म्हणाला होता. मामेबहीण म्हणूनसुद्धा तू येऊ शकली असतीस. पण मला भीती वाटली की तू माझ्याशेजारी उभी राहिलीस की नाकडोळे जुळतील.

आपल्या भाऊबंदकीत एरवी कुणाच्या घरी काय शिजलं ते संध्याकाळपर्यंत गावभर होतं. पण त्या दिवशी एकाच्याही तोंडून अवाक्षर निघालं नाही. पोरीच्या लग्नाची गोष्ट म्हटली की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप, कारण झाकली मूठ प्रत्येकाच्याच घरात असते.

"लग्न होईपर्यंत" हे पुढे "ताईचा पाय सासरी रुळेपर्यंत" झालं. मग "वर्षसण होऊ दे". मग शाळा मधेच बदलायची कशाला, असं आलं. तू परत मखमलाबादला आलीस ती सणाला, तीही मी माहेरी नसताना. मी आणि हे येणार असलो की तुला आधीच एस.टी.त बसवून द्यायचे.

आणि गंमत बघ. पिंपळगावला गेल्यावर तुझ्या फिटा कमी झाल्या. डॉक्टरांनी गोळी बदलली होती ती लागू पडली. मामाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. फिट आली की लाल फुली. मग फुल्या विरळ झाल्या, मग पानंच्या पानं कोरी. मामा फोनवर सांगायचा, "सात म्हैने झाले सुनंदा, एक बी फिट नाय! पोर तर इतकी शांत झालीये, इतकी गुणाची. भांडण नाय, दंगा नाय, नकला तर पार बंद. दिल्या जागी बसून ऱ्हाती." आम्ही सगळे कोऱ्या पानांवर खूश होतो.

नकला बंद झाल्या हे त्याने आनंदाने सांगितलं आणि मी आनंदाने ऐकलं. जयू, आपल्याला हसवणारं पोर गप्प झालं की आपल्याकडे त्याला शहाणपण आलं म्हणतात.

मामीला थोडं दिसत होतं. ती म्हणायची, दुपारी शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून झोपते. वेणी घालून घ्यायला कंटाळते. ताटातली भाकरी तशीच राहते. मधेच खेकसते आणि मग तासभर कुणाशी बोलत नाही. पण प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार होतं. झोपते? गोळ्यांनी सुस्ती येते. खात नाही? वयात येतेय. खेकसते? लाडावलीये. मार्क कमी पडले? मुळातच कच्ची आहे गणितात.

दर दोन महिन्यांनी मामा तुला डॉक्टरांकडे आणायचा आणि मी दिंडोरीहून "माहेरी जाऊन येते" सांगून तिथे पोचायचे. डॉक्टर फिटांचं विचारून झाल्यावर दरवेळी पेन खाली ठेवायचे आणि तुला विचारायचे, "बाकी कसं वाटतं? खेळतेस का? मैत्रिणी आहेत?" आणि तू तोंड उघडायच्या आत मी म्हणायचे, "मजेत आहे डॉक्टर. मामामामी फार लाड करतात." एकदा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मी तिला विचारलं." मला राग आला होता त्यांचा. तरी मी पुन्हा म्हणाले, "सांग ना गं, मजेत आहेस ना?" आणि तू म्हणालीस, "हो."

मला खरंच वाटायचं की मी तुला सांभाळून घेतेय. तू काही भलतंसलतं बोललीस, मामाचं घर, मखमलाबाद, मी, सगळं बाहेर आलं तर? दवाखान्यातसुद्धा मी झाकतच बसले होते.

शेवटची भेट संक्रांतीनंतरची. डॉक्टरांना दाखवून झाल्यावर मामाला बाजारात काम होतं म्हणून तो आपल्याला नाशिकच्या स्टँडवर सोडून गेला. मी तुझ्यासाठी शेवंती घेतली होती, सुटी, खास. म्हटलं, ओव बघू, किती दिवसांत तुझ्या हातचा गजरा घातला नाही. तू ती मांडीवर ठेवलीस आणि नुसती बघत राहिलीस. सुई मागितली नाहीस, दोरा मागितला नाहीस. मग म्हणालीस, "ताई, मला काही वाटतच नाही."

"काही म्हणजे?"

"काहीच. फुलं बघून पण नाही. रडू पण येत नाही. सकाळी उठले की वाटतं, परत झोपावं."

इथे मी काय करायला हवं होतं ते आता मला माहीत आहे. तुला हाताला धरून परत डॉक्टरांकडे न्यायचं होतं. दवाखाना दहा मिनिटांवर होता, ते अजून बसलेले असणार. पण मी काय म्हणाले? "अगं पुढच्या वर्षी दहावी. अभ्यासात मन घाल. रिकामं बसलं की असले विचार येतात. फिट नाही, औषध लागू पडलंय, देवाने एवढं दिलंय, अजून काय पाहिजे तुला?"

तू म्हणालीस, "फिट नसली तरी मी मामाचीच ना? मग गोळ्या घेऊन काय होणार?" तुझा आवाज चढला होता. कितीतरी महिन्यांनी चढला होता. "बरी होऊन मी कुणाची होणार आहे, ते सांग ना!"

समोरच्या बाकावर आमच्या दिंडोरीची एक बाई बसली होती. मी तुझा दंड धरला आणि म्हणाले, "हळू बोल."

मग तुझी एस.टी. लागली. खिडकीतून तू हात केला नाहीस. मी ठरवलं, पुढच्या भेटीत नीट बोलू. तुला मी शेवटचं काही सांगितलं असेल तर ते हे, हळू बोल.

तू गेल्याचा फोन आमच्या घरी सासूबाईंनी घेतला. मामा तशा वेळीही सवयीने "आमची जयू गेली" म्हणाला. मी आणि हे मोटरसायकलवर पिंपळगावला आलो, मागोमाग सासरेही आले. अंगणात बायकांचा गराडा होता. मामी तुझ्या उशाशी, आणि आपली आई? आई मागच्या रांगेत होती, जयू. तोंडात पदर कोंबून. दिंडोरीचे पाहुणे आलेत हे तिला दिसलं होतं, आणि तुझ्यासाठी ती आत्या म्हणून रडत होती. आत्या जेवढी रडते तेवढीच. मी तिच्याजवळ गेले तर माझ्या कानात म्हणाली, "तुझ्या सासऱ्यांना चहापाणी इचारलं का कुणी?" तेवढं विचारून ती खाली बसली ती तासभर उठली नाही.

अण्णांनी मात्र ऐकलं नाही. तुला उचलायची वेळ आली तेव्हा ते पुढे आले आणि मामाला बाजूला करून म्हणाले, "सरक. माझी हाय ती." लोकांना वाटलं, दुःखात बोलतोय म्हातारा.

चारपाच दिवसांनी तुझं अंथरूण आवरताना मामीला गोळ्यांच्या पाकिटात तीन पट्ट्या जशाच्या तशा मिळाल्या. विसरलीस की सोडल्यास, हे मी तुला विचारणार नाही. कधी वाटतं विचारावं. कधी तुझा इतका राग येतो जयू, की वाटतं तुला उठवून बसवावं आणि एक ठेवून द्यावी, एवढं होत होतं तर ओरडली का नाहीस, वाट्टेल तशी बोंब मारायची होतीस. मग आठवतं की स्टँडवर तू ओरडायलाच सुरुवात केली होतीस.

परवा मी एकटी डॉक्टरांकडे गेले. कागद परत करायचे होते, असं स्वतःला सांगितलं. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्यांनी दरवेळसारखं पेन खाली ठेवलं. म्हणाले, "फिटा असलेल्या मुलांचं मन असं खचतं. कधी आजाराने, कधी गोळीनेही, कधी लोकांच्या वागण्याने, बहुतेक वेळा सगळ्याने मिळून. तो वेगळा आजार आहे, त्यालाही उपाय असतो. पण तो दिसत नाही, मुलांनी सांगावा लागतो. म्हणून विचारत होतो." त्यांच्या आवाजात दोष देणं नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं.

म्हणजे तुला जे होत होतं त्याला नाव होतं. त्यावर इलाज होता. आम्ही त्याला गुणी होणं म्हणत होतो.

तरी सांगते, तू मला जे दिलंस ते कुणी दिलं नाही. बारावीला नापास होईन म्हणून मी विहिरीपाशी रडत बसले होते तेव्हा तू, आठ वर्षांची, माझ्याजवळ येऊन अण्णांची नक्कल केलीस, "नापास झाली तर झाली, म्हैस काय पदवी बघून दूध देती का?" मी हसून हसून लोळले. आणि पास झाले. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात, सासरी घशाखाली घास उतरत नव्हता तेव्हा, मी ते वाक्य मनात म्हणायचे. माझ्या सासरच्या घरात तू कधी आली नाहीस, पण तुझ्या नकलांवरच मी तिथे रुळले.

आता शेवटचं. हे तुला सांगायचं म्हणूनच तर बसले लिहायला.

तुला पोचवून आम्ही दिंडोरीला परतलो. दारात सासूबाईंनी पायांवर पाणी घातलं. अंघोळ करून मी सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि परातीत पीठ घेतलं. मजूर जेवायचे होते, तोडणी थांबत नाही. शिवाय मामेबहिणीचं सुतक आम्हाला नसतं. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सुनंदा, किती दिवसांचं धरायचं ते तू सांग."

माझे हात पिठात होते. मी म्हणाले, "तीन."

"मामेबहिणीचं तीन दिस नसतं."

"सख्ख्या बहिणीचं असतं," मी म्हणाले. "ती माझी सख्खी बहीण होती. तिला फिट यायची. म्हणून आम्ही लपवली. मीच लपवली."

त्या ओरडल्या नाहीत. आत आल्या, माझ्यापुढची परात ओढून घेतली आणि खाली बसल्या. "ठावं हाय मला," म्हणाल्या. "लग्नाच्या आधीपासून ठावं हाय. तुझे सासरे पंचवीस वर्सं पिंपळगावला जात्यात. तुझ्या मामाला लेकरू नाय, हे त्यांना म्हाईत नसंल व्हय? दोन दिसांत सगळं कळलं व्हतं. म्हणलं, एका पोरीला फिट येती, त्यात दुसरीचा काय गुन्हा? आणि जिला येती तिचा तरी काय?" पीठ मळता मळता त्यांनी डोळे दंडाला पुसले. "तुम्ही सांगत नव्हते, म्हणून आम्ही बी इचारलं नाय. वाटलं, लाज वाटत असंल, सांगंल कवातरी. एकदा तरी आणायचीस गं तिला. द्राक्षं खायला."

ऐकलंस, जयू? त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू करा घेऊन माझ्यामागे उभी राहिली असतीस तरी लग्न झालं असतं. तू फोटोत आली असतीस, बागेत आली असतीस, इथल्या ओट्यावर बसून सासूबाईंची नक्कल केली असतीस आणि त्या हसल्या असत्या, त्यांना आवडतं असलं. दोन वर्षं आम्ही तुला ज्यांच्यापासून लपवलं, ते तुझी वाट बघत होते.

मी तीन दिवस बसले. पडवीत चटई टाकून, कशाला न शिवता. वस्तीवरच्या बायका भेटायला येत होत्या. जी येईल ती विचारायची, "कोण गेलं गं?" सासूबाई तिथेच असायच्या, पण माझ्यासाठी उत्तर द्यायच्या नाहीत. पहिलीला सांगताना माझा आवाज फुटेना. मग फुटला. त्या तीन दिवसांत अकरा बायका आल्या. स्टँडवरची ती बाईही आली. प्रत्येकीला मी सांगितलं, "माझी धाकटी बहीण. सख्खी. जयश्री नाव होतं तिचं." रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने सांगितलं.